चार बोटं पुढे

आसूदच्या चढावर पुढचं चाक
एकदा जमीन सोडून विचारात पडलं.
फार नाही, दोन बोटं असेल,
पण हँडल हातात असं हलकं झालं
जसं उधारीवाल्याचं "उद्या नक्की".
मागे क्रेटमध्ये साठ किलो सुरमई अन् बर्फ,
मध्ये मी,
खाली सुपारीच्या बागा, अगदी निवांत.

दिनानाथनं सतरा वर्षं चालवली ही गाडी,
लिलाव उठला की हर्णैहून दापोली.
उंच माणूस. मागे सरकून,
पाठीची कमान करून बसायचा.
आता कमरेतला मणका सरकलाय,
ओटीवर पालथा पडून
तो माझे गिअर मोजतो.
"खालच्या वळणाला दुसरा टाकायला उशीर केलास,"
मी चप्पल काढायच्या आत म्हणतो.

मुश्ताक सारंगनं गाडी स्टँडवर घेतली,
पान्याला हातसुद्धा लावला नाही.
"वैनी, बसा."
बसले. तो लांब जाऊन एक डोळा मिटून
बाजूनं बघत राहिला.
"तुम्ही बसत नाही, घसरता.
सीटमध्ये दीनाभाऊचा खड्डा आहे.
तुम्ही त्यात जाता, मग हात पुरत नाहीत,
म्हणून हँडलला लटकता.
वर क्रेट मागच्या चाकाच्याही मागे.
पुढचं चाक काय, नुसतं पाहुणं आलंय."

मग फरशीवर खडूनं दोन गोल काढले,
मध्ये एक ठिपका. ठिपका म्हणजे मी.
ठिपका मागे नेला, पुढचा गोल अर्धा पुसला.
मी म्हटलं, थांब, हे मला येतं.
जाळं सगळं मागे रचलं की नाळ आभाळ बघते
आणि वारा सांगेल तिकडे तोंड फिरवते.
बाबा ओरडायचे, निरम पुढे घे,
मी आठ वर्षांची, दगड माझ्याहून हट्टी.
मुश्ताक खडू झटकत म्हणाला,
मग मी कशाला शिकवतोय?

कॅरिअर कापून चार बोटं पुढे वेल्ड केलं.
मागचे शॉकअप बसले होते, ते कसले;
गाडी मागे बसली की फोर्क जास्त कलतो म्हणे,
सरळ रस्त्यावर गरीब, वळणावर आडमुठा.
हँडल माझ्याकडे वळवलं.
फोम नवा घालायचा का, हे त्यानं दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा मी हो म्हटलं.

चढावर टाकीला भिडून बसायचं, कोपरं सैल,
उतारावर मागे, टाकी गुडघ्यांत,
हातांवर झोपायचं नाही.
सांगायला सोपं. पहिल्या आठवड्यात
मांड्या अशा दुखल्या की ओटीवर चढताना
दिनानाथ हसला आणि त्याची कंबर धरली.
पण आसूदला चाक जमिनीला चिकटून राहिलं,
खडी त्याच्याखाली करकरताना मला
पहिल्यांदा तळहातांत ऐकू आली.

परवा क्रेट काढून त्याला मागे बसवलं, डॉक्टरकडे न्यायला.
मागे बसणं त्याला येत नाही.
वळणं सगळी अंगात पाठ,
मी वळायच्या आधीच तो झुकायचा
आणि गाडी दोघांचं ऐकत बसायची.
तिसऱ्या वळणाला मी ओरडले,
"माझ्या आधी झुकू नको!"
समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हरही दचकला असेल.
पुढे बराच वेळ मागून काही नाही.
मग एका वळणात त्याची हनुवटी
माझ्या खांद्याला लागली, उशिरा,
मी झुकल्यावर.

दापोलीत उतरून त्यानं सीटवरून हात फिरवला,
जिथे खड्डा होता तिथे जरा थांबवला.
"मागचे शॉकअप अजून एक घर कसून घे," म्हणाला,
"मी पडून पडून जड झालोय."